हळदीकुंकवाच्या यादीत नसलेली मैत्रीण

मुलांनो, तुमच्या आईने टीव्हीवर लावून दिलेली, बायकांच्या चळवळीची ती परदेशी मालिका पाहून झाली. तिच्यात बायकांच्या दोन संघटना आहेत, एक सरकारकडे अर्ज करणारी, दुसरी रस्त्यावर उतरून घोषणा देणारी. दोन्हींना बायकांचं भलंच हवं असतं, पण त्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत.

मी ती एकटीने पाहिली नाही. खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण रोज चार वाजता वर यायची. आमची मुलुंडची इमारत पाडून नवी बांधणार आहेत. तिचं सामान बांधून झालं होतं, रविवारी ती कायमची लेकीकडे नाशिकला जाणार होती. भराभर बोललेलं इंग्रजी तिला समजत नाही, म्हणून मी मालिका थांबवून थांबवून सांगायचे.

"तुझी बाई बघ, पुन्हा अर्ज लिहायला बसली," ती म्हणायची.

"आणि तुझी अजून ओरडतेच आहे. हिचा घसा बसत नाही वाटतं?"

आम्हीही अशाच होतो. ती मोर्चेवाल्या गटात, मी महिला मंडळात. संक्रांत आली की आमचं भांडण ठरलेलं. हळदीकुंकवाला तेव्हा फक्त सवाष्णींना, म्हणजे नवरा हयात असलेल्या बायकांना बोलवत. तिचा गट म्हणे, ही प्रथाच बंद करा. आमचं मंडळ म्हणे, प्रथा ठेवा, पण विधवांनाही बोलवा. तसा ठराव आम्ही केला. त्याच वर्षी तिचा नवरा गेला. आमंत्रणांची यादी माझ्याकडे होती. तिचं नाव मी घातलं नाही. त्यानंतर तीसेक वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

शनिवारी शेवटचा भाग अर्धा झाला असताना तिने हात वर केला. मला वाटलं, एखादं वाक्य समजलं नाही, म्हणून मी मालिका थांबवली.

"तेव्हा मला का नाही गं बोलावलंस?"

"तुझा विरोध होता ना."

"होताच. पण तू बोलवायचंस. मी येत नाही म्हणून तोंडावर सांगितलं असतं."

मला इथे थांबता आलं असतं. उत्तर खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ती जाणार होती.

"सासूबाई समोर बसलेल्या असत्या," मी म्हटलं. "त्यांच्यादेखत तुला कुंकू लावायला माझा हात उचलला गेला नसता. तुझा विरोध होता ते मला बरंच झालं."

पडद्यावरची बाई तोंड उघडं ठेवून थांबली होती.

"ठराव तूच वाचून दाखवला होतास," ती म्हणाली. मग म्हणाली, "लाव पुढे."

मी लावली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हलकंही वाटलं नाही. उरलेली वाक्यं मी तिला समजावत गेले, ती हं हं करत राहिली.

रविवारी मी टेम्पोपर्यंत खाली गेले. लेकीशेजारी बसल्यावर तिने गुडघे सांभाळ म्हणून सांगितलं. नाशिकला ये असं काही म्हणाली नाही. मी वर आले आणि माझी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.