पुठ्ठ्यावरचं टायपिंग

मिठागरातली पोरं कचेरीत लागावीत म्हणून आमच्या गावाने टायपिंगचा वर्ग काढला. यंत्र मात्र नव्हतं. एका निवृत्त कारकुनाने, आमच्या मास्तरांनी, पुठ्ठ्यांवर अक्षरं काढून दिली आणि शाळेच्या ओट्यावर आम्ही वर्षभर पुठ्ठे बडवले. त्यात मी पहिला. डोळे मिटूनही बोट चुकायचं नाही, हे मी आगाशीच्या बाजारात न विचारताही सांगत फिरायचो.

मुंबईला नोकरीच्या परीक्षेत पहिल्यांदा खरं यंत्र समोर आलं. सवयीने मी कळांवर अलगद बोटं टेकवत गेलो, कागद कोराच. घाबरून जोर लावला, तर अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या.

परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "अहो, गुदगुल्या झाल्या, आता कुस्ती?"

घरी आईने विचारलं, "लागलास काय रं?"

"नाय."

"मंग उद्या बापासंगती मिठागरात पानी सोडायला जा."

जाण्याआधी मास्तरांना सांगून आलो, "कळ दाबावी लागते हो."

"ठाऊक आहे रे. पण यंत्र आणू कुठून?" ते म्हणाले, आणि माझा पुठ्ठा पुसून त्यांनी पुढच्या पोराला दिला.