औंधच्या डोंगराच्या दहा पट

कडेगावच्या उसातून उठून मी जहाजावर आचारी झालो आणि जगात जे जे अवाढव्य म्हणून आहे ते ते बघून आलो. दक्षिणेकडच्या समुद्रात एक बर्फाचा डोंगर आडवा आला, त्याला वळसा घालायला तीन दिवस लागले. त्याच्या सावलीत माझी आमटी गोठली, ती सुरीनं कापून वाढली. एका धबधब्यापाशी मी साथीदाराला हाक मारली, ती त्याला जहाजावर परतल्यावर ऐकू आली. वाळवंटात एक मनोरा होता. तळाला उन्हाळा, टोकाला स्वेटर!

हे सगळं मी फोनवर बायकोला सांगायचो. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि विचारायची, "औंधच्या डोंगराच्या किती पट?"

"दहा पट!"

"अर्धं करा."

"बरं, पाच."

"आजून अर्धं."

एवढ्या घासाघिशीतून जे उरायचं, ते नेमकं खरं असायचं. तिला कसं कळायचं, ते त्या डोंगरावरच्या यमाईदेवीलाच ठाऊक.

यात एकच भानगड होती. औंधचा डोंगर मी चढलोच नव्हतो. दरवेळी सुट्टीवर आलो की ती म्हणायची, "आवं, एकदा चला की. दोघं मिळून ओटी भरू."

"बर्फाचे डोंगर बघितलेला गडी मी. त्या टेकडीवर काय बघू?"

मग ती एकटीच जायची आणि मी पारावर बसून गावाला बर्फ सांगायचो.

आमच्याकडं लांब गेलेलं माणूस सुखरूप परतलं की देवीची ओटी भरतात. माझ्या प्रत्येक सफरीची तिनं भरली. शेवटची तेवढी राहिली. मी कायमचा घरी आलो आणि दोन महिन्यांत ती गेली. कपाटात हिरवा खण सापडला, घडीसुद्धा न मोडलेला. आयुष्यात तिचं हे एक काम तरी माझ्या हातून पुरं व्हायला हवं होतं.

परवा खण घेऊन निघालो. पायऱ्या निदान पाच हजार! निम्म्यात छातीचा भाता झाला. तिथं नारळ विकणारी एक म्हातारी बसली होती.

"एकलंच आलाय? बाईमाणूस कुठाय? ओटी काय बाप्यानं भरायची आसती व्हय?"

"तिच्याच हातून भरायची राहिलीय," मी म्हणालो.

तिनं हातातला नारळ ठेवून ढिगातला दुसरा, चांगला वाजवून दिला.

वर पुजाऱ्याच्या हाती खण दिला आणि कठड्यापाशी उभा राहिलो. खाली सगळा मुलूख पसरला होता. इथं उभं राहून ती दरवेळी काय बघत असेल? मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

उतरताना म्हातारीनं हटकलं, "कसा वाटला डोंगर?"

"लय मोठा. त्या बर्फाच्या डोंगराच्या दहा पट!"

"आसंल की," ती म्हणाली आणि नारळ सोलायला लागली.

मी उगाच थोडा वेळ तिथंच थांबलो. 'अर्धं करा' असं काही ती म्हणाली नाही.