येतो म्हणणारा शेजारी

“येतो हं,” असे म्हटल्यावाचून तो घरातून हलत नसे. सिंगापुरात, बुकित बातोकमध्ये आमची दारे समोरासमोर होती. खालच्या दुकानातून पाव आणायचा असला, तरी आतून वहिनींचे “ये” ऐकू आल्यावरच त्याची पावले लिफ्टकडे वळत. जुरोंग आयलंडला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसच्या मलाय ड्रायव्हरलाही उतरताना तो हेच सांगे. पुढे पुढे तो ड्रायव्हरच त्याला पाहून “येतो, येतो, ओके लाह” म्हणू लागला.

बसमध्ये तो मला मंगळावरच्या रोव्हरने पाठवलेली छायाचित्रे दाखवी. तांबडी माती, दगड, मागे उमटलेल्या चाकांच्या खुणा.

“बिचारं एकटंच फिरतंय,” मी एकदा म्हणालो.

“बिचारं कसलं? त्याला परत ये म्हणणारं कोणी नाही.”

तुम्हीही हसला असता. मी हसलो.

मग एका परदेशी कंपनीने मंगळावर कायमची वस्ती करण्यासाठी माणसे निवडायचे जाहीर केले. परतीची सोय नव्हती. त्याने अर्ज केला.

“वहिनींना सांगितलंस?”

“अरे, निवड कुठे झालीय? उगाच कशाला?”

अर्जासोबत, आपल्या भाषेत पृथ्वीचा निरोप घेतानाचा व्हिडिओ हवा होता. एका रविवारी जवळच्या जुन्या खाणीच्या कड्यापुढे तो उभा राहिला; फोन माझ्या हातात होता. दोन वाक्ये बोलून तो थांबला आणि कॅमेऱ्यात नीट पाहून म्हणाला, “जातो.”

तो शब्द मला खटकला. मी एवढेच विचारले, “पुन्हा घ्यायचा का?”

“नको. बरोबर आलंय.”

पहिल्या फेरीत त्याची निवड झाली. कंपनीने व्हिडिओ सर्वांसाठी खुला केला आणि वहिनींना तो पुण्याहून त्यांच्या बहिणीने पाठवला. त्या आमच्या दारात आल्या.

“भाऊजी, ‘जातो’ हे तो चुकून बोलला ना?”

मला हो म्हणता आले नाही. खोटे तर मी इतके दिवस गप्प राहूनच बोललो होतो.

काही काळाने त्या कंपनीनेच गाशा गुंडाळला. यान सोडाच, त्याचा सांगाडाही कोणी पाहिलेला नव्हता. “फसवलं रे त्यांनी,” तो बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणे. मला मात्र हायसे वाटले. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी काठीवर कपडे वाळत घालीत होत्या, तेव्हा मी म्हणालो, “संपलं एकदाचं.”

त्यांनी त्याचा शर्ट झटकला. “त्याला कंपनीनं फसवलं, भाऊजी. मला नाही. यान नव्हतं, म्हणून हा इथे आहे.”

सकाळी तो दारात “येतो हं” म्हणे. आतून उत्तर येत नसे. तो तसाच थांबे. खाली बस आलेली असे. मी लिफ्टचे बटण दाबून धरीत असे आणि त्याच्याकडे पाहण्याचे टाळीत असे.

गेल्या महिन्यात वहिनी पुण्याला निघाल्या. किती दिवसांसाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हांपैकी कोणी विचारले नाही. विमानतळावर येऊ नकोस, असे त्यांनी त्याला आधीच बजावले होते. बॅग त्याने लिफ्टमध्ये ठेवली आणि तो बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. वहिनी माझ्याकडे पाहून किंचित हसल्या, मग त्याच्याकडे वळल्या. येते म्हणाल्या नाहीत, जाते म्हणाल्या नाहीत.

लिफ्टचे दार मिटू लागले, तेव्हा तोच हलक्या आवाजात म्हणाला, “ये.”