माझा पाय आणि नातीचा खांदा

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं सोडून माझे पाय आधी बाहेर आले. यात माझं कर्तृत्व काही नाही, माझ्या माईचे हाल झाले तेवढेच. पण आमच्या झरी गावात आणि आसपास कोणाच्या कंबरेत उसण भरली, की ते माणूस वाकडं होऊन, ओय ओय करत आमच्या दारात येतं. उंबऱ्यावर उपडं पडतं. मी दुखऱ्या जागी पायानं हलक्या लाथा मारायच्या आणि त्यानं मागं वळून न बघता घर गाठायचं. आठवड्यात बरं होतं. आठवड्यात ते तसंही बरं झालंच असतं, पण असं म्हटलं की लोकांना राग येतो. पायाळूवर वीज पडते म्हणतात. माझ्यावर अजून पडली नाही, गावाची नजर तेवढी पडते.

आणि येणारे नमुने तरी काय एकेक! एक मोठा जमीनदार आहे. रस्त्यात भेटला तर मान वळवून जातो, मी शरणार्थ म्हणून नमस्कार केला तरी त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. पण कंबर धरली की तोच आमच्या दारात तोंड खाली घालून पडतो. आमचं किराणा दुकान घराला लागूनच आहे, त्यामुळे गिऱ्हाइकं साखर घेता घेता त्याचा तमाशा बघतात. त्याला मी जरा जोरात मारते, हे इथं सांगून टाकते.

तर सांगायचं होतं नातीबद्दल. माझ्या लेकाची लेक. परभणीच्या कॉलेजात शिकते आणि बेसबॉल खेळते. पिचर आहे. आता पिचर म्हणजे काय, हे आमच्या गल्लीला समजावता समजावता माझे दात हलायला लागले.

"क्रिकेटच की मग," एक जण दुकानाच्या कट्ट्यावर बसून म्हणाला.

"क्रिकेट न्हाई. फळी गोल असती, दांडक्यावानी. आमची पोरगी बॉल फेकती, समोरचीनं तो दांडक्यानं धोपटायचा."

"मंग हिनं फकस्त फेकायचंच?"

"तुला तर तेबी जमत न्हाई. परवा गुटख्याची पुडी फेकली ती स्वतःच्याच पायावर पडली."

असं बोलल्याशिवाय ही माणसं गप्प बसत नाहीत. पोरीच्या जातीनं खांद्यातून हात फिरवून बॉल फेकायचा, यानं ह्यांच्या पोटात का दुखावं? शेतात बायका दिवसभर खुरपतात, डोक्यावर भारे वाहतात, तेव्हा कोणाला पोरीची जात आठवत नाही.

माझी नात मात्र फेकायची हो! मी एकदा परभणीला जाऊन बघितलं. ऊन मरणाचं. मैदानाच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा, त्यावर ही उभी. एक पाय उचलला, अंगाचा पीळ केला आणि हात असा सुटला की बॉल मला दिसलाच नाही, पलीकडच्या पोरीच्या हातमोज्यात फाडकन आवाज तेवढा झाला. शेजारी बसलेल्या बाईला मी म्हटलं, "ती माझी." ती बाई म्हणाली, "कोणती?" अशी माणसं खेळ बघायला का येतात, कोण जाणे.

त्या सामन्यांतच घोळ झाला. यांचे एक खेळ शिकवणारे सर आहेत. सकाळच्या मॅचला नातीनं शेवटपर्यंत बॉल टाकले. दुपारी दुसरी मॅच. दुसरी एक पोरगी होती बॉल टाकणारी, पण सर म्हणाले, ती घाबरती, तूच टाक. पोरगी म्हणाली खांदा जड झालाय. सर म्हणाले, जिंकायचंय ना? झालं. जिंकल्या. फोटो निघाला. फोटोत बरोब्बर मधोमध सर, हातात कप, आणि माझी नात एका कडेला, डाव्या हातानं उजवा दंड धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ती आरशासमोर फणी घेऊन उभी होती. नुसतीच उभी. मी लिंगपूजा आटोपून विभूती लावून बाहेर आले तरी तशीच. मग हळूच म्हणाली, "आजी, माझी येणी घाल ना."

ज्या पोरीनं चांगलं कळायला लागल्यापासून मला केसाला हात लावू दिला नव्हता, ती म्हणाली वेणी घाल. मी समजले, काहीतरी मोडलंय.

परभणीच्या डॉक्टरनं मशीनवर खांद्याचे फोटो काढायला लावले, हात वर-खाली करून बघितला आणि सांगितलं, खांद्याच्या आतला स्नायू थोडा फाटलाय. ऑपरेशन नको. पण बॉल फेकणं बंद, कितीतरी महिने. आधी आराम, मग व्यायाम, मग हळूहळू. घाईनं फेकलंत तर पुढं कधीच फेकता यायचं नाही. पोरीनं तिथं डोळ्यातून टिपूस काढलं नाही.

घरी आलो तर डॉक्टरांची रांग लागलेली. न शिकलेले डॉक्टर. एकीनं कसलंतरी काळं तेल आणलं, वासानं मांजर पळालं. एकानं सांगितलं, खांदा 'बसवून' देणारा माणूस माझ्या ओळखीचा हाय, एक झटका दिला की झालं. मी म्हटलं, तुझ्या अकलेला आधी झटका देऊन आण. सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट मात्र एकच. माझ्या पायाकडं बघून म्हणायचे, "अन् आक्का, घरात पायाळू असताना दवाखाना कशाला?"

सुनेनंही तेच धरलं. वाईट नाही ती, लेकरासाठी जीव तुटतो तिचा. पण तिलाही वाटायला लागलं की मी मुद्दाम करायलेय.

"आत्याबाई, सगळ्या गावाला लाथा देता," ती डोळ्याला पदर लावून म्हणाली. "घरच्या लेकराला एक द्यायला काय जातंय तुमचं?"

"अगं, उसण येगळी अन् फाटलेलं येगळं. फाटलेल्या लुगड्याला लाथ मारून शिवलं जातं का?"

"म्हंजे तुमचा पाय खोटा हाय का मग?"

मी सूप ओढलं आणि तांदूळ पाखडायला बसले. त्या दिवशी सुनेच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं होतं, ते काही उगाच नाही.

मग एका दुपारी सर आले. विभागाच्या संघाची निवड जवळ आली होती. पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी घालून कोणी दुसऱ्याच्या घरी येतं का? चहा घेतला, बिस्किट बुडवलं, ते चहात पडलं, बोटानं काढून खाल्लं. मग मला म्हणाले, "आजी, तुमच्या पायाचं नाव लय ऐकलंय."

मी म्हटलं, "अन् तुमच्या डोक्याचं मी ऐकलंय."

ते हसले. त्यांना वाटलं कौतुक करायलीय. म्हणाले, "डॉक्टर लोक घाबरवतातच हो. आमच्यात स्पोर्टसायन्स असतंय. पण श्रद्धा पण पाहिजे. एक लाथ मारा तुमी, पोरीचं मन खंबीर होईल. शनिवारी निवड हाय. दोन-तीन ओव्हर... म्हंजे दोन-तीन डाव टाकले तरी बास."

खेळ शिकवणारा माणूस, ज्याला स्वतःच्या खेळाचे शब्द सुचत नव्हते, तो मला सायन्स सांगायलाय! आणि सायन्स कुठं येऊन थांबलं, तर म्हातारीच्या टाचेवर. यापेक्षा तो जमीनदार बरा. तो निदान सायन्स म्हणत नाही.

मी काही बोलणार, तोवर नात आतून आली. तिनं कोणाकडं बघितलं नाही. सरळ उंबऱ्यावर आली, आणि डाव्या हाताचा आधार घेत उपडी झाली. दुकानात दोन-तीन बायका होत्या, त्या तेल घ्यायचं सोडून बघायला लागल्या. सून दारात हात जोडून उभी.

"मार, आजी," पोरगी फरशीत तोंड घालून म्हणाली. "मार ना. मला जायचंय."

तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिला माहीत होतं. डॉक्टरनं सांगितलेलं मीच नाही, तिनंही ऐकलं होतं. पण ती शनिवार मागत होती. मी नुसता पाय टेकवला असता, तरी ती 'बरी झाले' म्हणून उठली असती, आणि शनिवारी त्या उंचवट्यावर उभी राहून तिनं स्वतःचा खांदा कायमचा घालवला असता. कोणाच्या नावावर? माझ्या पायाच्या.

मी पाय लुगड्यात ओढून घेतला आणि खाटेवर मांडी घालून बसले.

"ऊठ," मी म्हटलं. "माझ्या पायात काही न्हाई. आईच्या पोटातून उलटी आले, एवढंच. सगळ्यांनी ऐका गं, तेलवाल्या बायांनो, तुमीबी ऐका. अन् सर, तुमाला श्रद्धा दावायची असंल तर तुमच्या लेकीचा खांदा फाडा, मग माझ्याकडं घेऊन या."

सर बूट घालायला लागले. लेस बांधायची राहिली, तसेच गेले. सून आत जाऊन रडली. नात उठली, कपडे झटकले आणि माझ्याशी बोलायचीच बंद झाली. गावात झालं, आक्काच्या पायातला गुण गेला. बरं झालं. थोडे दिवस तरी दारातली गर्दी कमी झाली.

शनिवारी निवडीला टीम गेली. जी पोरगी घाबरते म्हणत होते, तिनं बॉल टाकले आणि चांगले टाकले. फोनवर फोटो आला. सर पुन्हा मधोमध. माझ्या नातीनं फोन पालथा टाकला आणि मोठ्यांदा रडायला लागली. मैत्रिणीची निवड झाली म्हणून रडते, लाज वाटत नाही का, असं तोंडावर आलं होतं माझ्या. पण म्हटलं, "रडायचं तर रड. पण बोटं भिताडाला लावून रड. व्यायाम चुकवू नको."

व्यायाम म्हणजे, दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईनं शिकवलेला. भिंतीला बोटं लावायची आणि मुंगीसारखी वर चढवत न्यायची. आमच्या दुकानाच्या भिंतीवर खाली लाइटची बटणं आहेत, वर कॅलेंडरचा खिळा आणि त्याच्या वर फळी. पहिल्यांदा पोरीची बोटं बटणाशीच अडायची, घाम फुटायचा. मग किती दिवसांनी खिळा आला. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "आजी, खिळ्यावर धूळ हाय."

"मग पूस की, हात पोचतोय तर."

खिडकीच्या गजाला रबराचा पट्टा बांधून ओढायची, तेव्हा कट्ट्यावरचे टोमणे मारायचे. "काय, म्हैस बांधलीय का?" कोणी म्हणायचं, आता लग्नाचं बघा. कोणी म्हणायचं, खेळबिळ संपलं. लोकांना दुसऱ्याचं संपलेलं लय लवकर दिसतं. त्यांचं स्वतःचं कधी सुरूच झालेलं नसतं, म्हणून असेल.

हिवाळा सरता सरता व्यायामवाल्या बाईनं जवळून हळू फेकायची परवानगी दिली. झेलणार कोण? घरात पकडणारं कोणी नाही. मी खाटेवर बसले आणि धान्य पाखडायचं सूप पोटाशी धरलं. ती अंगणातल्या हापशापासून फेकायची, सुपात टप् आवाज यायचा. लेकराच्या हातातून लाडू पडावा, तसा बॉल यायचा. तिला राग यायचा. मी म्हणायचे, "ह्याच्यापेक्षा जोरात तर मी शिव्या देते." मग हसायची. दर काही दिवसांनी ती थोडी मागं सरकायची, हापसा सोडून कडुनिंबाकडं. जास्त टाकावंसं वाटलं तरी बाईनं सांगितलं तिथंच थांबायची. हे तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. सरांनी तर नाहीच.

एक दिवस बॉल आला आणि सुपाच्या काड्या मोडून आरपार माझ्या मांडीवर पडला. मांडी काळीनिळी. चांगलं वापरातलं सूप गेलं. मी इतकी बोलले तिला, इतकी बोलले, की शेजारणी बाहेर आल्या. ती कडुनिंबाखाली उभी राहून हसत होती आणि मी शिव्या देता देता डोळे पुसत होते.

आणि मग अर्थातच सर आले. वास बरोबर लागतो यांना. ह्या वेळी पेढे, आणि सगळं सामान भरलेली लांबलचक बॅग, दांडकी, मुखवटे, काय काय. ही बॅग नेहमी पोरीच वाहतात. म्हणाले, मैदानावर जाऊ, बघू हात कसा चाललाय, पुढच्या महिन्यात सामने हायेत, सगळ्या मॅच तूच टाकशील.

पोरगी म्हणाली, "एका दिवसाला एकच मॅच, सर. दुसरी तिला द्या. ती घाबरत न्हाई."

सर म्हणाले, "बरं बरं, बघू. बॅग उचल, चल."

"बॅगबी मी उचलणार न्हाई."

इतकं शांतपणे म्हणाली, की मला वाटलं, हिला बोलायला येतं हे मला आजच कळलं. सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग स्वतः वाकले. बॅग उचलली, अर्धी वर आली आणि तिथंच थांबले. तोंडातून 'अगं माय' एवढंच निघालं. बॅग पडली. सर काटकोनात.

"उसण," ते दातओठ आवळत म्हणाले. "आजी... उसण भरली."

दुकानात तेल घ्यायला आलेली बाई मागच्या वेळचीच होती का, आठवत नाही. पण कोणीतरी हसलं.

"आराम करा," नात म्हणाली. "मग व्यायाम. मग हळूहळू."

"आजी," सर म्हणाले, "तेवढा पाय..."

मी म्हटलं, "माझ्या पायातला गुण गेला म्हणतात हो."

"असू द्या. मारा तुमी."

मग मी उठले. लुगडं सावरलं. त्यांना उंबऱ्यावर उपडं पाडायला दुकानातल्या दोघींनी धरलं. गळ्यातली शिट्टी फरशीवर खणकन वाजली. तिकडं अंगणात नात नवं सूप भिंतीशी टेकवून, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली होती.

"जरा हळू हं, आजी," सर म्हणाले.

मी पाय उचलला.