पिराजीची छाती

पिराजीला पोलिसात जायचं होतं, आणि त्याला छाती नव्हती. उंची होती, हिंमत होती, शाळेचा दाखला होता. छाती तेवढी नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याजवळच्या त्या खेड्यात ती कुणालाच उरली नव्हती म्हणा, पण बाकीच्यांची कुणी मोजणार नव्हतं.

उमरग्याला पोलीस शिपाई असलेला त्याचा मावसभाऊ बलभीम सुट्टीला आला, तेव्हा सांगून गेला, "बाकी समदं चालतंय. छाती भरली पाह्यजे. आन् वय बघ तुझं. ही शेवटचीच भरती."

गावात मारुतीच्या देवळाशेजारी तालीम होती. पण बौद्धवाड्यातल्या पोरानं तिथली लाल माती अंगाला लावायची नाही, असा गावाचा दंडक. धर्म बदलून इतकी वर्षं झाली, तरी गावाच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. मग पिराजीनं घरातच मेहनत सुरू केली. जोर मारायला दोन चपटे दगड, लोंबकळायला आढं आणि उचलायला जात्याचा वरचा दगड. दळण्यासारखं घरात फारसं नव्हतंच, त्यामुळे जातं दिवसभर मोकळं असायचं.

खुराकाचं तेवढं अवघड होतं. तालमीतल्या गड्यांना दूध मिळायचं, याला रेशनची लाल मिलो ज्वारी. त्याची आई केशरबाई दुष्काळी कामावर खडी वाहायची. तिथं मजुरांना खायला मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणायची आणि म्हणायची, "खा बाबा, म्या तिथंच खाल्ली." ते खोटं होतं. पिराजीला ते ठाऊक होतं, आणि तरी तो खायचा. खाताना त्याला आईकडे बघवत नसे.

दंड जरा टणक झाले, मांड्या भरल्या. छाती मात्र हटून बसली. तालमीतले गडी बाजारातून छाती काढून चालायचे, ते त्यानं लांबून पाहिलं होतं. त्याला वाटलं, ही सवयीचीच गोष्ट आहे. कायम फुगवून ठेवली की एक दिवस ती तशीच राहील. झालं! पिराजी छाती फुगवून चालायला लागला, बोलायला लागला, पाण्याच्या टँकरपुढं रांगेतही तसाच उभा राहायला लागला. लोक हसायचे. हसू देत, तो श्वास सोडायचा नाही.

भरतीच्या दिवशी उस्मानाबादच्या मैदानावर उघड्या अंगानं पोरं ओळीत उभी होती. हवालदारानं टेप लावला. माप भरलं!

"आता फुगव," हवालदार म्हणाला.

पिराजी बघतच राहिला. "फुगवूनच हाय, साहेब."

ओळीत हशा पिकला. हवालदार माणूस वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "आरं, आधी साधी मोजायची, मंग फुगवून. सोड श्वास."

बलभीमानं हे सांगितलंच नव्हतं. श्वास सोडावा तर पहिलं माप जाणार, धरावा तर दुसरं. डोळ्यांत पाणी येईतो पिराजीनं तो धरला, आणि मग सुटलाच. टेप घसरून कमरेशी आला. हवालदारानं पुढच्याला बोलावलं.

घरी आल्यावर केशरबाई म्हणाली, "न्हाय झालं तर न्हाय. फुडल्या बारीला व्हईल." पुढली बारी नव्हतीच; पिराजीनं जात्याचा वरचा दगड उचलून परत जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर खडी फोडायला गेला. मुकादम नागप्पानं त्याला खालीवर न्याहाळलं, दंड चाचपले आणि ओरडला, "लई झकास गडी हाय! मोठा घण ह्याला द्या!"

डोक्यावर पाटी घेतलेली केशरबाई थबकली. तिचा चेहरा उजळला, आणि साऱ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझा ल्योक हाय त्यो!"