बाबा पुन्हा फिरायला लागले

दिवाळीनंतर अनसिंगला माहेरी गेले होते. दिवस कलत आला होता आणि बाबा चक्क घरात, खाटेवर बसलेले... या वेळेला बाबा घरी, असं मी कधी पाहिलंच नव्हतं.

थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना शेतात चक्कर आली होती. वाशिमच्या डॉक्टरांनी तपासलं तर बीपी खूप वाढलेलं. गोळी रोज घ्यायची, मीठ कमी, तंबाखू बंद आणि रोज चालायचं, असं त्यांनी बजावून सांगितलं.

गोळी बाबा घेत होते. तंबाखूही कशीबशी सोडली होती. पण चालायचं नाव काढलं की चिडायचे.

"बाबा, पहिले तं रोज जात होते ना तुमी?"

"तवा नामदेव होता व. आता एकटा कोणासंग बोलू?"

नामदेवकाका म्हणजे आमच्या समोरच्या घरातले, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी दोघं एसटी स्टँडपर्यंत पायी जायचे. मी बाबांचं बोट धरून सोबत... काकांच्या खिशात फुटाणे असायचे, त्यातली मूठभर माझी. दोघं पिकापासून निवडणुकीपर्यंत कशावरही भांडायचे आणि गाडी गेली की हसत परत निघायचे. हा व्यायाम आहे, हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं!

काका या पावसाळ्यापासून मुलाकडे नागपूरला राहतात. समोरच्या घराला कुलूप आहे.

न राहवून मी काकांना फोन लावला. बाबांना चक्कर आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मलेबी बीपी निघालं व बाई. पोरगा बगीच्यात फिरायले धाडते, पण करमतच नाही. दे बरं त्याले फोन."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"काय बे, मी चप्पल घालून उभा आहो. तू काय करून राह्यला?"

 बाबांचे डोळे भरले... खाटेखालची चप्पल पायाने ओढत म्हणाले, "थांब, मीबी घालतो."

एक जण नागपूरच्या बगीच्यात, एक आमच्या स्टँडच्या रस्त्यावर. तुरीवरून भांडण सुरू झालं आणि बाबांची चाल हळूहळू पहिल्यासारखी झाली. मी मुद्दाम थोडी मागे राहिले... किती वर्षांनी तो आवाज ऐकत होते!

आता हे रोजचंच झालंय. आईने पापड-लोणचं ताटातून काढलं, भाजीत मीठ कमी केलं. बाबा कुरकुरतात, पण जेवतात. परवा तपासलं तर बीपी बरंच खाली आलेलं. गोळी मात्र सोडायची नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा सांगितलंय.

आम्ही सगळे त्यांना व्यायाम सांगत होतो... त्यांना हवी होती सोबत.

काका फेसबुकवर नाहीत, पण त्यांच्या सूनबाई हे वाचतील. वहिनी, रोज संध्याकाळी आठवणीने काकांचा फोन चार्ज करून ठेवता ना... त्याबद्दल मनापासून आभार.