जोडलेला कोपरा

नवीन राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून आलेली मी मोताळ्याच्या वाचनालयात कामाला लागले. माणसांशी फार बोलावं लागत नाही, हे त्या कामातलं मला सगळ्यात आवडलं होतं.

गावातले एक निवृत्त शिक्षक वारले, तेव्हा त्यांच्या मुलाने पुस्तकांच्या दोन पेट्या आणून दिल्या. पानांत खुणेसाठी घातलेली पत्रं तशीच होती. ती जपून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याची पत्रं वाचायचा संकोच वाटे, तरी एकूण एक वाचली. कुणाला मुलगी झाली, कुणाची म्हैस आटली. एका पोस्टकार्डावर एवढंच होतं: ‘आई सोमवारी गेली. कळावे.’ कुठे गेली, या विचारात माझे दोन दिवस गेले.

त्या कार्डाला एक कोपरा नव्हता. मी कात्रीने कड सरळ केली, तशाच रंगाच्या जाड कागदाचा तुकडा खळीने चिकटवला. जोड दिसतसुद्धा नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी उंद्रीहून एक आजी आल्या. त्या शिक्षकांची बहीण.

“माह्या भावाच्या पुस्तकात एक कार्ड हाये का, पाह्य बरं. माय मेल्याचं.”

“तसं लिहिलेलं पत्र नाहीये, आजी.”

“तसं लिहितात काय? तुले शाळेत काय शिकवलं वं? ‘गेली’ लिहितात आन् कोपरा फाडतात. वाचणारा दारातच फाडून फेकते, घरात नाही आणत.”

मग आजींनी सगळं सांगितलं.

कार्ड त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं, कोपरा मात्र स्वतः फाडला होता. भाऊ तेरवीलाही आला नाही. नंतर म्हणाला, कोपरा शाबूत होता, मले वाटलं माय सोनाळ्याला मामाकडे गेली. त्यावर तो मरेपर्यंत आजी त्याच्याशी बोलल्या नाहीत.

मी कार्ड आणलं. त्यांनी अंगठ्याने एकेक कोपरा चाचपला.

“चारी हायेत.” त्या खाली बसल्या. “खरं बोलत होता तो. मीच विसरली असन.”

गप्प राहणं मला चांगलं जमतं. तरी म्हटलं, “एक कोपरा मी लावलाय.”

“फाटेल होता?”

“कोपराच नव्हता. हाताने फाडलेला की कसरीच्या किड्याने खाल्लेला, ते मी बघितलं नाही. आणि कड कापून टाकली.”

“लयच हुशार हायेस,” आजी म्हणाल्या.

त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, “पण ठेवलं काऊन त्यानं? मरणाचं समजलं असतं तं दारातच फाडलं असतं. कोणत्या पुस्तकात होतं?”

मी निळ्या कापडी बांधणीचं गणिताचं पुस्तक पुढे केलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

“बोलणं बंद झाल्यावर हे बगलेत धरून आला होता एकदा उंद्रीले. मले वाटलं, मास्तरकी दाखवाले आला. कवाडच उघडलं नाही म्या. कार्ड यातच असन तवा.”

कार्ड त्यांनी मागितलं नाही. स्वतःच त्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.